मॉडेल रेल्वेकडे परत येताय, देशही बदलायचाय? मग आधी स्टेशन ठरवा

माळ्यावरचा जुना ट्रेन सेट खाली काढला की पहिला विचार हाच येतो, आता कमावतो आहोत त काहीतरी मोठं घेऊ, आणि मग रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर जर्मनीची इंजिनं, स्वित्झर्लंडची लाल गाडी, अमेरिकेची मैलभर लांब मालगाडी, जपानची शिंकान्सेन असं सगळं बघून होतं आणि सकाळी कार्टमध्ये तीन देश बसलेले असतात. राजेहो, पेमेंट करायच्या आधी हे वाचून घ्या.

हे त्यांच्यासाठी आहे ज्यांनी शाळा-कॉलेजात थोडंफार चालवलं, मग नोकरी, लग्न, ईएमआय यात सगळं गुंडाळून ठेवलं, आणि आता परत येताना ब्रिटिश सेट सोडून दुसऱ्या देशाच्या गाड्या करायच्या आहेत. मी जपानकडे वळलो म्हणून उदाहरणं जपानची देतोय, पण युरोपकडे जाणार असाल तरी पायऱ्या ह्याच.

पायरी १ : जुन्या मालाची तपासणी, विकायचं मग बघू

जुनं इंजिन थेट कंट्रोलरवर लावू नका. इतकी वर्षं पडून असलं की ग्रीस घट्ट होऊन बसतं, मोटर अडकली की करंट खेचते आणि जळते. आधी ९ वोल्टची बॅटरी घ्या, दोन वायर लावा, दोन बाजूच्या चाकांना क्षणभर टेकवा. मोटर गुणगुणली की अर्धं काम झालं. गुणगुणली पण चाक फिरलं नाही त गिअर बघा, प्लास्टिकच्या गिअरला तडा गेलेला असतो किंवा ग्रीस लाखेसारखं झालेलं असतं. चाकांवरचे रबरी टायर कडक झाले असतील त बदलायचे, ते सुटे मिळतात.

चाकं साफ करायची सोपी पद्धत अशी. टिश्यूचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून रुळांवर आडवा टाकायचा, इंजिनाची एक बोगी (खालची चाकांची चौकट) टिश्यूवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवायची, इंजिन हाताने हलकं धरून हळू करंट द्यायचा. टिश्यूवर दोन काळे पट्टे उमटतात. टिश्यू सरकवून परत तेच, पट्टा फिका होईपर्यंत, मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. थिनर, पेट्रोल अजिबात नको, प्लास्टिक आणि रंग दोन्ही जातात. रुळांना सँडपेपर पण नको, चरे पडले की त्यातच घाण जास्त बसते.

एक हिशोब इथंच समजून घ्या. ब्रिटिश ओओ स्केल म्हणजे १:७६ (खऱ्या गाडीच्या ७६ पट लहान), युरोप-अमेरिकेचं एचओ म्हणजे १:८७, आणि दोघांचा रूळ मात्र तोच, १६.५ मिमी. म्हणजे जुनी ब्रिटिश गाडी नव्या जर्मन रुळावर चालेल, पण जर्मन डब्याशेजारी उभी केली की ती फुगलेली दिसते. शिवाय जुन्या चाकांची फ्लँज (चाकाची आतली कड) खोल असते, ती आजच्या कमी उंचीच्या रुळावर स्लीपरला घासत टकटक करत जाते. दोन्ही एकत्र चालवायचा मोह सोडा. जर्मनीच्या मर्कलिन कंपनीचं तर वेगळंच, त्यांच्या एचओमध्ये मधोमध तिसरा कॉन्टॅक्ट असतो आणि चाकं इन्सुलेटेड नसतात, ती दोन रुळांच्या सिस्टीमवर ठेवली की सरळ शॉर्ट.

पायरी २ : देश निवडू नका, एक स्टेशन आणि एक काळ निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा, पैसे लागत नाहीत.

नवखा माणूस म्हणतो "मी जपान करतोय". जपान करता येत नाही हो, तिथं वाफेच्या डी५१ पासून ताशी ३२० किमीच्या ई५ शिंकान्सेनपर्यंत सगळं आहे, आणि ते सगळं एका बोर्डावर आणलं की दुकानाचं शोकेस होतं. म्हणून एक जागा धरायची. जागा कशी निवडायची? सुंदर फोटो बघून नको. तुम्हाला गाड्यांमधलं जे आधीपासून कळतं, जे बघायला तुम्ही लहानपणी खिडकीशी भांडला, ते त्या देशात कुठं घडतं ते शोधा.

माझं सांगतो. आपण नागपूरची माणसं, विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागे बँकर म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागतात, हलकासा धक्का बसतो आणि गाडी थळ घाट चढायला लागते, ३७ ला १ चा चढ. मला तो धक्का आवडतो. त जपानमध्ये बँकर कुठं लागत होते? योकोकावाला. शिनएत्सू मेन लाईनवर योकोकावा ते कारुइझावा हे ११.२ किमी, उसुई घाट, आणि चढ किती म्हणाल त १५ ला १. आपल्या घाटाच्या दुपटीहून जास्त! १८९३ मध्ये लाईन सुरू झाली तेव्हा निलगिरीच्या गाडीला असते तशी दातेरी पट्टी होती, १९६३ मध्ये ती काढून साध्या रुळावर आणली आणि त्यासाठी खास ईएफ६३ नावाची इलेक्ट्रिक इंजिनं केली, सगळी मिळून फक्त २५. दोन-दोनच्या जोडीत लागायची आणि नेहमी उताराच्या बाजूला, म्हणजे योकोकावाच्या टोकाला. चढताना मागून ढकलायची, उतरताना पुढं राहून गाडी धरायची. ३० सप्टेंबर १९९७ ला हा घाट बंद झाला, दुसऱ्या दिवसापासून नागानोची शिंकान्सेन सुरू.

इंजिनं लागेपर्यंत गाडी थांबायची तेव्हा फलाटावर मातीच्या भांड्यातला भात विकायचे, तोउगे नो कामामेशी नावाचा, १९५८ पासून. इगतपुरीच्या वड्याची सोय तिथंही होती म्हणा.

आता बघा हे ठरवल्यावर काय काय आपोआप ठरलं. गाडी कुठली? १८९ सिरीजची असामा एक्स्प्रेस, ती १९७५ ला आली. इंजिन कुठलं? ईएफ६३ ची जोडी. लोकल? ११५ सिरीज. काळ? १ एप्रिल १९८७ ला जपानी नॅशनल रेल्वेचे तुकडे होऊन जेआर कंपन्या झाल्या, त्यामुळे डब्याच्या बाजूला छोटासा जेआर लोगो आहे की नाही एवढ्यावरून तुमचा काळ ठरतो. लोगो नसलेला क्रीम-लाल सेट घेतला त बाकीही लोगो नसलेलंच घ्यायचं. खरेदीची यादी तीन-चार वस्तूंवर आली आणि कार्टमधले बाकीचे देश स्वतःहून निघून गेले.

जर्मनीवाल्यांसाठी हीच गोष्ट इपॉकने म्हणजे काळाच्या टप्प्याने चालते, बॉक्सवरच रोमन आकडा असतो. तिसरा इपॉक म्हणजे युद्धानंतर साधारण १९७० पर्यंत, चौथा पुढं १९९० पर्यंत. १ जानेवारी १९६८ ला डॉइच बुंडेसबानने इंजिनांचे नंबर बदलले, ई१० ची ११० झाली, व्ही२०० ची २२०, त एकाच रंगाचं एकच इंजिन नंबरावरून कुठल्या काळातलं ते कळतं.

आणि हो, गाड्या कुठल्या बाजूने धावतात ते बघा. जपान, ब्रिटन, स्वित्झर्लंड आपल्यासारखेच डावीकडून. जर्मनी आणि बहुतेक अमेरिका उजवीकडून. ऐकायला फालतू वाटतं पण अजनीच्या पुलावर उभं राहून वाढलेल्या माणसाला उजवीकडची गाडी महिनोन्महिने चुकीच्या लाईनवर आल्यासारखी वाटते, आणि सिग्नलही त्या हिशोबाने लावावे लागतात.

भारतीयच काऊन नाही असं कोणी न कोणी विचारतोच. एचओमध्ये भारतीय मॉडेल मिळतात पण थोड्या थोड्या बॅचमध्ये, आणि लांबी बघा, एलएचबीचा डबा २३.५ मीटरचा म्हणजे १:८७ मध्ये २७ सेंमी, २२ डब्यांचा रेक जवळपास ६ मीटर. दोन बीएचकेत कुठं लावता? त्यातून आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, तिला एचओमध्ये १९ मिमीच्या वर रूळ हवा आणि मिळतो १६.५. त्याने काही अडत नाही, लोक मजेत चालवतात, पण दुसऱ्या देशाकडे वळायची कारणं खरी आहेत.

पायरी ३ : टेप घ्या, खोली मोजा

जपानी एन स्केलचा रूळ ९ मिमी. साध्या गाड्या १:१५०, शिंकान्सेन १:१६०. वेगवेगळं का, तर शिंकान्सेन स्टँडर्ड गेजवर धावते आणि बाकी जपान १०६७ मिमीच्या रुळावर, पण मॉडेलमध्ये दोघांना एकच ९ मिमीचा रूळ दिलाय. म्हणजे साधी जपानी गाडी प्रमाणापेक्षा रुंद रुळावर धावते, समोरून नीट बघितलं की दिसतं. ज्याला ते खुपतं त्याने जपानी एन घेऊच नये, मला नाही खुपत.

साधारण २० मीटरचा डबा १:१५० मध्ये १३.५ सेंमीच्या आसपास येतो. ९ डब्यांची असामा सव्वा मीटर, मागे दोन इंजिनं म्हणजे अजून २४ सेंमी. आता प्लायवूडची शीट ८ बाय ४ फूट मिळते, ती अडीच फुटांवर कापून घ्या आणि तो ८ बाय अडीचचा तुकडा मधून कापून ४-४ फुटांचे दोन बोर्ड करा, नाहीतर जिन्यातून वर जाणार नाही. अडीच फुटांत काटो कंपनीच्या युनिट्रॅक रुळाची ३१५ आणि २८२ मिमी त्रिज्येची वळणं आत-बाहेर नीट बसतात, दोन लाईनमधलं अंतर ३३ मिमी. टोमिक्सचा रूळ घेणार असाल त तिथं ३७ मिमी असतं, म्हणून दोन कंपन्यांचे रूळ मिसळू नका, जोडायचा खास तुकडा मिळतो पण रोजची कटकट. दोन्ही टोकांची वळणं वजा केली की मधे पावणेदोन मीटर सरळ उरतं, सांधे (गाडी दुसऱ्या लाईनवर वळवायचे पॉइंट) घातले की ते अजून आखडतं, तरी ९ डब्यांचा फलाट बसतो. उरलेली दीड फुटाची पट्टी फेकू नका, नंतर लागते.

पायरी ४ : वीज आणि कप्लर

जपानी मार्केटच्या कंट्रोलरचा अडॅप्टर १०० वोल्टचा असतो. आपल्याकडे २३०. पिन बदलणारा कन्व्हर्टर लावून थेट प्लगमध्ये घातला की संपलं. एकतर २३० चं १०० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, सीताबर्डीला इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, मागताना १०० सांगा, १२० वाला अमेरिकन सामानासाठी असतो. नाहीतर २३० वर चालणारा युरोपचा १२ वोल्ट डीसी कंट्रोलर घ्या, रुळाला जपानी-जर्मन काही कळत नाही, त्याला १२ वोल्ट डीसी हवं. जर्मन सामान घेणाऱ्यांना ही डोकेदुखी नाही, तिकडेही २३०.

डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल आत्ताच नको. परत आलेल्या माणसाला सगळे हेच सांगतात की आता डिजिटलचा जमाना आहे, पण जपानी एनमध्ये गाड्या मुळात डीसीच्याच येतात, डीकोडर (डिजिटल हुकूम समजणारी चिप) वेगळा टाकावा लागतो, आणि एका गाडीला मोटरच्या डब्याचा, पुढच्या दिव्यांचा, मागच्या दिव्यांचा असे वेगवेगळे लागतात. युरोपियन एचओ घेणार असाल त गोष्ट वेगळी, तिथं इंजिनातच सॉकेट असतं, फक्त कुठलं ते बघून डीकोडर मागवा, ८ पिनचा, २१ पिनचा की प्लक्स२२.

कप्लरचं म्हणजे डबे जोडणाऱ्या हुकाचं एकच सांगतो, इंजिन आणि गाडी एकाच कंपनीची घ्या. ईएफ६३ एका कंपनीचं आणि १८९ दुसऱ्या कंपनीची घेतली की दोन्ही मॉडेल झकास आणि एकमेकांना जोडलीच जात नाहीत.

पायरी ५ : पैसे

जपानी गाडी बेसिक सेट आणि ॲड-ऑन सेट अशी विकतात. बेसिकमध्ये मोटरचा डबा आणि दिवे असलेली दोन टोकं येतात, ॲड-ऑनमध्ये मधले डबे. फक्त ॲड-ऑन स्वस्तात दिसला म्हणून घेतला की घरी एक न चालणारी गाडी येते, मोटर नाही, तोंड नाही. आणि हा माल बॅचमध्ये निघतो, संपला की पुढची बॅच कधी ते कंपनीच्या मनावर, म्हणून बेसिक आणि ॲड-ऑन एकाच वेळी घ्या. सेकंडहँडमध्ये जंक म्हणून लिहिलेलं असेल त ते खरंच जंक समजा, परत घेत नाहीत.

कस्टमचं डोळे उघडे ठेवून बघा. खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, वर जीएसटी, वर कुरिअरवाल्याचा हँडलिंग चार्ज. तुमचं पार्सल नेमकं कशात धरलं जाईल त्यावर बिल कमी-जास्त होतं, पण बजेट करताना मालाची किंमत असेल तेवढीच रक्कम अजून बाजूला ठेवा, मग दारात बेल वाजल्यावर घरात भांडण होत नाही. मिहानमधल्या कंपन्यांतली पोट्टी जपानला जात-येत असतात, ओळखीतलं कोणी येणार असेल त एन स्केलची अख्खी गाडी पुस्तकाएवढ्या बॉक्समध्ये मावते, मागवायला संकोच करू नका, फक्त बिल सोबत ठेवायला सांगा.

पहिल्या वेळी एवढंच घ्या: रुळाचा एक ओव्हल, कंट्रोलर, एक पूर्ण गाडी. ईएफ६३ ची जोडी दुसऱ्या फेरीत. घरं, झाडं, माणसं सगळं नंतर, त्यातलं अर्धं तुम्ही इथंच पुठ्ठ्याचं करणार आहात.

पायरी ६ : नागपूरचा उन्हाळा

परदेशातल्या कुठल्याही गाईडमध्ये हे सापडणार नाही म्हणून नीट वाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवरची खोली भट्टी होते, तिथं लेआऊट ठेवला की डब्यांचं प्लास्टिक वाकतं आणि रूळ लांब होऊन जोडावर उचलले जातात. खालच्या मजल्यावरची खोली बघा, खिडकीचं ऊन थेट येणार नाही अशी भिंत. रूळ बसवायचे असतील त भर उन्हाळ्यात बसवा, तेव्हा ते पूर्ण पसरलेले असतात. थंडीत बसवत असाल त जोडावर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट सोडा.

खरा दुश्मन मात्र कूलर. तीन महिने खसच्या ताट्यांतून ओली हवा खोलीत येते, त्याने प्लाय फुगतो, पुठ्ठ्याची घरं लवंडतात, रुळांवर काळपट थर चढतो आणि गाडी अडखळायला लागते. कूलरच्या समोर लेआऊट ठेवायचा नाही म्हणजे नाही. एमडीएफ तर वापरूच नका, कडेने पाणी पिऊन सुजतं. प्लायला वरून-खालून आणि कापलेल्या कडांना दोन हात वॉर्निश मारा. कूलर बंद झाल्यावर पावसाळा येतोच, तेव्हा पण तेच.

गाड्या बॉक्समध्येच ठेवा, पण जुन्या बॉक्समधला स्पंज तपासा. वर्षं झाली की तो चिकट होऊन डब्याच्या रंगाला लागतो, आणि गरमीत हे लवकर होतं. बोट लावून बघा, चिकटलं त स्पंज फेका आणि डबे पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवा. धुळीसाठी जुनी सुती चादर चालते, फक्त ती गाड्यांवर टेकू देऊ नका, नाहीतर चादर ओढली की छोटे अँटेने तिच्यासोबत जातात.

पायरी ७ : चालवायला लागा

नवी गाडी आणली की आधी नुसता मोटरचा डबा घेऊन दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने फिरवा. मग डबे एकेक करून जोडा. कुठला डबा घसरतो ते लगेच कळतं, नऊ डबे एकदम जोडले की गुन्हेगार सापडत नाही.

घाट करायचा मोह होईल. १५ ला १ चा चढ म्हणजे एका मीटरला पावणेसात सेंमी, आणि लांब गाडी त्यावर चाकं गरगरवत जागच्या जागी राहते. म्हणून मी म्हणतो घाट करूच नका, घाटाच्या पायथ्याचं स्टेशन करा. योकोकावा सपाट ठेवा, पलीकडच्या टोकाला एक बोगदा, त्याच्यामागे लपलेली एक लाईन जिथं गाडी वर गेली असं समजून थांबते. सगळी मजा स्टेशनातच आहे: असामा येऊन थांबली, बाजूच्या लाईनवरून ईएफ६३ ची जोडी हळू मागे आली, टेकली, जोडली, गाडी बोगद्यात गेली. परत येताना इंजिनं पुढं, फलाटावर सुटली, बाजूला गेली, गाडी एकटी पुढं निघाली. यासाठी मुख्य लाईनला दोन सांधे आणि इंजिनं उभी करायला वेगळा करंट बंद-चालू होणारा रुळाचा तुकडा लागतो, एक साधा स्विच, बस. दोन्ही इंजिनांना मोटर असेल त जोडायच्या आधी दोघांचा वेग एकाच कंट्रोलरवर जुळतो का बघा, आणि गाडीलाही स्वतःची मोटर आहे हे विसरू नका, तिघांत एकजण मंद असला की मधला डबा वळणावर बाहेर फेकला जातो. नाहीच जुळलं त एका इंजिनाची मोटर काढून त्याला नुसतं ढकललं जाऊ द्या, दिसायला काही फरक पडत नाही.

एवढं बसलं आणि हात शिवशिवायला लागले की पुढची गाडी मागवायच्या आधी एक चक्कर मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियमला मारा, टेप सोबत ठेवा. आपली छोटी लाईन ७६२ मिमीची होती. १:८७ ला भागलं की पावणेनऊ मिमी येतात, म्हणजे ज्या ९ मिमीच्या रुळावर तुमची असामा धावते त्याच रुळावर इतवारी-नागभीडची जुनी छोटी गाडी जपानी गाडीपेक्षा जास्त प्रमाणशीर बसते. वरचा डबा फक्त १:८७ मध्ये स्वतः करायचा, कार्डशीट किंवा थ्रीडी प्रिंट, आणि खाली एनची तयार मोटर असलेली चेसिस. दोन्ही एका वेळी एका बोर्डावर मात्र ठेवू नका, माणसांचे आकार जुळत नाहीत. ती दीड फुटाची उरलेली प्लायची पट्टी आहे ना, ती यासाठी.